घराचा भाव आणि रुमालाखालची बोटे



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून गावोगावच्या व्यासपीठांवरून राजे, लढाया, तह, संत आणि सुधारक यांचा इतिहास पुष्कळ सांगून झाला आहे. तो सांगायलाच हवा. पण तह करण्याचा प्रसंग आपल्यापैकी कोणावर येईल असे दिसत नाही. घर घेण्याचा प्रसंग मात्र बहुतेकांवर येऊन गेला आहे, किंवा उद्या यायचा आहे. दलाल घर दाखवतो, आपण ओट्यावर उभे राहून मनात हिशेब करतो आणि शेवटी एक आकडा बोलतो. त्या एका आकड्यामागे खानदेशचा दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. आज तोच सांगण्याचा माझा विचार आहे.

आरंभ धुळ्यापासून करू. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. येथे आलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळे हे आपले मुख्य ठाणे केले, कारण ते प्रांताच्या मध्यावर आणि पुण्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर होते. १८१९ मध्ये या धुळ्याची वस्ती अवघी अडीच हजार आणि घरे चारशेच्या आसपास. एका बाजूला पांझरा नदी, दुसऱ्या बाजूला पाटाचे पाणी, मध्ये बागायत आणि लहानसे गाव. ब्रिग्जने लांबून कारागीर आणले, कचेऱ्या बांधल्या, आणि व्यापाऱ्यांनी येऊन वसावे म्हणून घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या. पक्की घरे उभी राहावीत म्हणून जुन्या रहिवाशांना आणि नव्याने येणाऱ्यांना आगाऊ रकमाही दिल्या. धुळ्याच्या क्रमांकांच्या सरळ गल्ल्यांतून हिंडताना हे आठवावे. ज्या जमिनीसाठी आज दोन भाऊ कोर्टात भांडतात, ती एके काळी फुकट मिळत होती आणि घ्यायला माणसे बोलवावी लागत होती. किंमतच नव्हती, तेव्हा घासाघीस नव्हती आणि दलालालाही काम नव्हते.

त्यापूर्वी घरे विकली जात नव्हती असे नाही. इतिहासाचार्य राजवाडे आपल्या अखेरच्या काळात धुळ्यात राहिले, १९२६ च्या अखेरीस तेथेच त्यांनी देह ठेवला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच उभे आहे. जुना कागद हा राजाच्या मुकुटापेक्षा अधिक बोलतो, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकवले. अशी जुनी खरेदीखते वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. घर किती खणांचे, त्याच्या चारी बाजूंस कोण राहतो, पैसे पोचले की नाही, विकणारा राजीखुशीने विकतो की नाही, आणि साक्षीला कोण, हे सारे त्यांत असते. भाऊबंदांचा उजूर नाही, हेही बजावलेले असते. घेणारा बहुधा त्याच गावचा असे. कोणाच्या घराची भिंत कोणाशी सामायिक आहे, धाबे कोणत्या पावसात गळते आणि कोणत्या घरावर सावकाराचा बोजा आहे, हे साऱ्या आळीला ठाऊक असे. दलालाचे काम आळीच करीत असे, आणि तेही चारचौघांत.

ही आळी मोडली ती कापसाने. १८६० च्या दशकात रेल्वे जळगाव-भुसावळवरून पुढे गेली, आणि त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव हे बघता बघता मोठे व्यापारी ठाणे बनले. युद्ध संपले, भाव कोसळले, अनेक पेढ्यांना फटका बसला. पण गाव मागे हटले नाही. नव्या पेठा पडल्या. पोलन पेठ हे नाव एका इंग्रज अधिकाऱ्याचे, हे आज कित्येकांना माहीत नसेल. पुढे जळगावात खानदेश मिल उभी राहिली, विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप मिल आली, धुळ्यालाही कापडगिरणी आली. गुजरातेतून, मारवाडातून, कोकणातून, घाटावरून आणि आसपासच्या खेड्यांतून माणसे आली. आता घेणारा परका होता. त्याला शेजारी ओळखत नव्हते आणि तो शेजाऱ्यांना ओळखत नव्हता. या दोघांच्या मध्ये जी जागा रिकामी झाली, तीत दलाल येऊन उभा राहिला.

हा दलाल काही घरांच्या धंद्यातून जन्मला नाही. तो आला कापसाच्या आणि गुरांच्या बाजारातून, आणि येताना तेथली रीत घेऊन आला. ती रीत आपल्यातल्या वृद्धांनी पाहिली असेल. दोघे दलाल एकमेकांचे हात हातात घेत, वर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकीत, आणि खाली बोटे दाबून भाव ठरे. ज्याचा माल तो शेतकरी गाडीच्या जुवाला टेकून शेजारीच उभा. त्याला दिसे ते फक्त हलणारे कापड. शेवटी त्याला एक आकडा सांगण्यात येई. दुसऱ्याने किती बोटे दाबली होती आणि आपल्यापर्यंत किती पोचली, हे त्याला कधीच कळत नसे.

१९२८ साली शाही शेतकी आयोगाने या पद्धतीवर बोट ठेवले: सौदा कापडाखाली होतो आणि मालाचा धनी अंधारात राहतो. त्याच्या अगोदर वऱ्हाडात १८९७ च्या कायद्याने आणि मुंबई इलाख्यात १९२७ च्या कापूसबाजार कायद्याने या अंधाराला हात घातला होता. धुळे, जळगाव, अमळनेर येथील कापूसबाजार नियंत्रणाखाली आले. बाजार समिती आली, दलालाला परवाना आला, उघडा लिलाव आला, तोलाईचा आणि दलालीचा दर फळ्यावर लागला. लबाडी एका दिवसात नाहीशी झाली असे मी म्हणत नाही. बाजार समित्यांत आजही भांडणे होतात. पण रुमाल बेकायदा झाला. हा शेतकऱ्याचा फार मोठा विजय होता, आणि त्याचा इतिहास आपण पुरेसा सांगत नाही.

मंडळी, येथे माझा मुद्दा येतो. कापसाच्या गाडीचा भाव उजेडात आला. घराचा भाव मात्र रुमालाखालीच राहिला. कापूस दर वर्षी पिकतो, एका वर्षी फसलो तर पुढच्या वर्षी शहाणे होता येते. घर माणूस जन्मात एकदा घेतो. ज्या सौद्यात शिकायला दुसरी संधी नाही, तोच सौदा आपण सर्वांत आंधळेपणाने करतो.

आता कोणी वकीलमित्र म्हणतील की कायदा आहेच. कायदा आहे, आणि चांगला आहे. १८७२ चा कराराचा कायदा आहे, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे, १९०८ चा नोंदणीचा कायदा आहे. शंभर रुपये वा अधिक किमतीचे घर नोंदलेल्या दस्ताशिवाय विकता येत नाही, आणि नुसत्या साठेखताने घरावर मालकी मिळत नाही, हे १८८२ पासून लिहून ठेवलेले आहे. पण हे कायदे प्रामुख्याने शेवटचा कागद सांभाळतात. पहिला आकडा बोलल्यापासून विसार हातावर ठेवीपर्यंतची जी वाट आहे, तिच्यावर दिवा फार थोडा. त्या वाटेवर तीन ठिकाणी माणूस ठेचकाळतो. ती तिन्ही ठिकाणे स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या पहिल्या चौदा वर्षांतच दाखवून दिली आहेत.

पहिले ठिकाण दलालाचे. 'मी म्हणतो म्हणजे मालकच म्हणतो,' असे दलाल सांगतो. कलकत्त्यातील एका घराच्या दलालीचा वाद १९५० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. गिऱ्हाईक शोधण्यासाठी नेमलेल्या दलालाला केवळ त्या नेमणुकीमुळे मालकाच्या वतीने विक्रीचा करार पक्का करण्याचा अधिकार येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वेळी, ठरल्याप्रमाणे गिऱ्हाईक आणून दिल्यावर त्याची दलाली बुडवता येत नाही, हेही सांगितले. दलालाची मेहनत खरी आणि मजुरीही खरी. पण त्याचा होकार म्हणजे मालकाचा होकार असे समजू नये.

दुसरे ठिकाण किमतीचे. मालक सांगतो, 'दहाच्या खाली देणार नाही.' आपण म्हणतो, 'दहा कबूल,' आणि घरी येऊन पेढे वाटतो. कूर्गमधील मडिकेरी येथील एका बंगल्याबाबत असेच घडले. दहा हजारांपेक्षा कमी घेणार नाही, असे मालकाने कळवले; गिऱ्हाइकाने दहा हजार मान्य केले; मालकाने बंगला दुसऱ्यालाच विकला. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की 'इतक्याच्या खाली देणार नाही' हे काही विकण्याचे वचन नव्हे. ते फक्त बोली करण्याचे आमंत्रण. गिऱ्हाइकाचे दहा हजार ही त्याची बोली झाली, आणि ती मालकाने स्वीकारलेली नव्हती. असाच निकाल १८९३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जमैका बेटावरच्या एका मिळकतीबद्दल दिला होता. तेथे मालकाने तारेने नऊशे पौंड ही कमीत कमी किंमत कळवली होती. समुद्र ओलांडला तरी माणसाचा गैरसमज तोच!

तिसरे ठिकाण विसाराचे. विसार, इसार, बयाणा, नाव काहीही असो, दिलेला पैसा परत मिळतो का? दिल्लीतील एका बंगल्याचा सौदा १९४९ साली एक लाख बारा हजार पाचशे रुपयांस ठरला. विसार एक हजार. पुढे कब्जा देताना आणखी चोवीस हजार पोचले. खरेदी पुरी झाली नाही, आणि विकणाऱ्याने सारे पंचवीस हजार गिळू पाहिले. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विसाराचे एक हजार जातील; पण करारात काहीही लिहिले असले तरी चोवीस हजार दंड म्हणून जप्त करता येणार नाहीत. यातून साधा माणूस दोन गोष्टी शिकू शकतो. विसार म्हणून दिलेली रक्कम आपल्या चुकीने सौदा मोडला तर जाते. म्हणून ती लहान असावी. आणि जी रक्कम विसार नाही, ती कागदावर वेगळ्या नावाने लिहिलेली असावी. उलट बाजूने, विकणाऱ्यामुळे सौदा मोडला तर दिलेल्या पैशाचा बोजा त्या घरावर आपल्या बाजूने राहतो, असे १८८२ चा कायदा सांगतो. पण पैसे कोणत्या घरासाठी दिले हे चिठ्ठीवरच नसेल, तर बोजा राहणार कशावर?

ही शंका हवेतली नाही. आमच्या युनियनच्या कचेरीत एकदा एक निवृत्त कामगार आला. हातात वहीचे फाडलेले पान, त्यावर 'घराबद्दल रोख एक्कावन्न हजार मिळाले' एवढीच ओळ आणि खाली दलालाची सही. घर कोणते, किंमत किती, मालक कोण, खरेदी कधी, यांपैकी एकही अक्षर नाही. घर तीन भावांच्या नावावर सामायिक. एकाला विकायचे होते, दोघांना सौद्याची वार्ताच नव्हती. दलाल म्हणे, मालकाला दिले. मालक म्हणे, मला थोडेच मिळाले. 'आबा, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे,' एवढ्या एका वाक्यावर त्या माणसाने पैसे मोजले होते. आम्ही तिघांना एका बाकावर बसवले. आठ महिन्यांत हप्त्याहप्त्याने पैसे परत आले, पण सगळे नाही.

या माणसाजवळ ते पैसे आले कोठून, हे पाहा. १९५२ च्या कायद्याने कामगाराला भविष्य निर्वाह निधी मिळाला, १९७२ च्या कायद्याने उपदान मिळाले. दोन्ही कायदे कोणी आपखुशीने दिलेले नाहीत. त्यांच्यामागे देशभरच्या कामगारांच्या चळवळी आहेत. खानदेशच्या जुन्या गिरण्यांवर संकटे आली. जळगावच्या खानदेश मिलचा भोंगा थांबला आणि तिच्या जागेवर पुढे बाजारसंकुल उभे राहिले. अशा गिरणीतून बाहेर पडलेल्या माणसाजवळ एकरकमी पैसा जन्मात एकदाच येतो. तीस वर्षे संघटनेने पैशापैशाने वाढवलेली मजुरी एका संध्याकाळी, एका रुमालाखाली जाऊ शकते. म्हणून हा विषय कामगार चळवळीच्या बाहेरचा आहे असे मी मानत नाही.

कायद्यानेही मधल्या काळात थोडी पावले टाकली. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने बांधणाऱ्याला बजावले की लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय आगाऊ रक्कम घ्यायची नाही, आणि तीही किमतीच्या शेकडा वीसपेक्षा जास्त नाही. २०१५ मध्ये आयकर कायद्यात दुरुस्ती होऊन स्थावर मिळकतीपोटी वीस हजार वा अधिक रुपये रोखीने घेण्यास बंदी आली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने आगाऊ रकमेची मर्यादा शेकडा दहावर आणली, दलालाची नोंदणी सक्तीची केली, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात त्यासाठी प्राधिकरण काम करू लागले. कापसाच्या दलालाला जो परवाना १९२७ च्या कायद्याने आला, तो घराच्या दलालापर्यंत पोचायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली! आणि तोही अर्धाच पोचला. ही सक्ती आहे ती नोंदलेल्या नव्या प्रकल्पांतील घरांसाठी. धुळ्याच्या गल्लीतले जुने माडीचे घर किंवा जळगावच्या जोशी पेठेतले भाऊबंदकीत अडकलेले घर विकणाऱ्या दलालाला तो कायदा विचारत नाही. तेथे आपल्याजवळ १८७२ आणि १८८२ चेच कायदे आहेत.

म्हणून त्याच जुन्या कायद्यांनी दिलेले एक हत्यार वापरायला शिकले पाहिजे. ते हत्यार म्हणजे लेखी बोली. गिरणीकामगारांना ही गोष्ट नवी वाटू नये. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने असे ठरवले की पगारात वा कामाच्या अटींत बदल हवा असेल तर आधी लेखी नोटीस द्यावी. आरंभी आम्हांला ती कटकट वाटे. पुढे कळले की तोंडी मागणी मालक विसरू शकतो, फिरवू शकतो, दुसऱ्याच्या नावावर घालू शकतो; तारीख घातलेला कागद मात्र फिरत नाही. घराची बोलीही तशीच करावी.

त्या कागदावर काय असावे? प्रथम, नगर भूमापन क्रमांकासह घराचे वर्णन आणि मिळकत पत्रिकेवर असलेली सर्व मालकांची नावे. एखादे नाव बोलीच्या वेळी लिहिता आले नाही, तर तेथेच थांबावे. मग एकच पूर्ण किंमत. दस्तात दाखवायची एक आणि हातावर द्यायची दुसरी असा दुहेरी आकडा लिहू नये आणि बोलूही नये, कारण भांडण झाले की दुसरा आकडा सिद्ध करता येत नाही. त्यानंतर अटी: घरात भाडेकरू असल्यास तसे लिहावे, बँकेचा वा सोसायटीचा बोजा कोणी फेडायचा ते लिहावे, आणि मालकी निर्वेध न निघाल्यास विसार परत, हे स्पष्ट लिहावे. शेवटी मुदत: अमुक तारखेपर्यंत सर्व मालकांचे सहीचे उत्तर आले नाही तर ही बोली रद्द. १८७२ च्या कायद्याप्रमाणे स्वीकाराचे उत्तर रवाना होण्यापूर्वी बोली मागे घेता येते, आणि स्वीकार हा पूर्ण व बिनशर्त असावा लागतो. मालकाने 'कबूल, पण आणखी पन्नास हजार' असे लिहिले, तर तो स्वीकार नव्हे, ती त्याची नवी बोली. तोपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही. उत्तर आल्यावर विसार मालकाच्या नावाने, बँकेतून.

यावर आक्षेप येतो की इतके लिहीत बसले तर घर हातचे जाते. कधी कधी जाईलही, हे मी मान्य करतो. चांगल्या घराला दोन गिऱ्हाइके असतात आणि ज्याचे पैसे आधी पोचतात त्याच्याकडे मालक झुकतो. पण हा कागद दोन पानांचाही होत नाही. तो सकाळी लिहून दुपारी देता येतो. आणि घाईचा धाक जो घालतो, त्याला विचारावे की घाई कोणाची आहे?

दुसरा आक्षेप दलालांच्या बाजूने येतो, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. दलाल हाही कष्टकरी आहे. त्याला पगार नाही, रजा नाही, निधी नाही. खानदेशच्या वैशाखात तो दहा घरे दाखवतो आणि एखादे ठरते. त्यातही मालक आणि गिऱ्हाईक परस्पर भेटून त्याची शेकडा एक-दोनाची दलाली बुडवतात. त्याच्या नावाने बोटे मोडण्यासाठी मी येथे उभा नाही. उलट, लेखी बोलीत दलाली किती आणि ती कोण देणार हे लिहिले, तर त्याची मजुरीही सुरक्षित राहते. १९५० च्या निकालाने त्याला जो हक्क दिला, तो सिद्ध करायला त्यालाही कागदच लागतो. रुमाल काढल्याने कापसाचा दलाल मेला नाही. तो परवानाधारक झाला.

कापूसबाजारातला रुमाल एकट्या शेतकऱ्याने काढला नव्हता. त्यासाठी समिती लागली. घराच्या बाबतीत तशी समिती आज नाही. ती होईपर्यंत आपल्या संस्थांनी थोडे काम उचलावे. वाचनालये, पतपेढ्या आणि कामगार संघटना यांनी अशा बोलीचा साधा मराठी नमुना छापून ठेवावा, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला लिहून द्यावा. आमच्या कचेरीत आम्ही तो ठेवला आहे. घर घेणाऱ्याने आपला आकडा ओट्यावर न बोलता त्यावर लिहावा, खाली तारीख घालावी, दोन प्रती कराव्यात. एक मालकाकडे पाठवावी आणि दुसरीवर पोच घेऊन ती घरी ट्रंकेत ठेवावी. विसार त्यानंतर.